प्रार्थनेचे बळ आणि टिळकांची कविता

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या नावाबरोबर आपल्या वाचकांच्या ओठी एक बिरुद ठरल्यासारखे येते: फुलामुलांचे कवी. बिरुद खोटे नाही. पण ज्या कवीने १८९५ च्या फेब्रुवारीत, स्वजनांचा रोष पत्करून, ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढची चोवीस वर्षे आपली बहुतेक वाणी एकाच आराध्याच्या चरणी वाहिली, त्याच्या कवितेतून ते आराध्यच वगळून उरलेल्या फुलांची परडी विद्यार्थ्यांपुढे ठेवायची, हा व्यवहार आम्हांस विचित्र वाटतो. 'अभंगांजली'चे नाव वर्गात निघते ते बहुधा ग्रंथांच्या यादीपुरते. शिक्षकाला संकोच वाटतो की हे एका पंथाचे साहित्य. आणि ज्यांच्या मंदिरांत ही पदे अजून गायिली जातात, त्यांना ती उपासनेची असल्यामुळे त्यांची चिकित्सा नकोशी वाटते. दोघांच्या सौजन्यात कविता मात्र न वाचलेली राहते.

वाचावयास घेतली की पहिला आक्षेप तयारच असतो. हा तर तुकोबांचाच अभंग, विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव घातले, इतकेच! टिळकांनीच या आक्षेपाला निमित्त दिले आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्या पूर्वी मराठी ख्रिस्ती उपासनेत परकी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. देशी चालींचे प्रयत्न झाले असले, तरी त्या उपासनेला अस्सल मराठी कंठ मिळाला तो टिळकांमुळे. तथापि छंद वारशाने येतो म्हणून अनुभवही वारशाने येतो, असे होत नाही. तुकोबांचा देव पुष्कळदा गप्प असतो. भक्त त्याच्याशी भांडतो, त्याला दूषणे देतो, वाट पाहून थकतो. टिळकांचा ख्रिस्त स्वतःच दुःख भोगलेला आहे. गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, हा प्याला टळावा असे मागून शेवटी पित्याची इच्छा आपल्या इच्छेवर ठेवणारा हा गुरू आहे. ज्याची प्रार्थना केली जाते तोच एकदा प्रार्थना करीत घामाघूम झाला होता, ही जाणीव मागण्याचे स्वरूपच पालटून टाकते. येथे संकट टळावे ही याचना मागे पडते. संकट सोसून काम करीत राहण्याचे बळ हवे असते. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात व गुरूही म्हणतात, त्याचे कारण आम्हांस येथे दिसते. आईजवळ रडता येते, आणि गुरूजवळून उठून कामाला लागावे लागते.

परंतु एवढे मान्य करूनही एक उणीव सांगितली पाहिजे. टिळकांच्या कित्येक अभंगांत समर्पण पहिल्याच चरणात पुरे होते आणि उरलेले चरण त्याचीच आवर्तने करतात. शरण जाण्यापूर्वीचा झगडा कवीने घराबाहेरच ठेवलेला असतो. तुकोबांच्या गाथेत तो झगडा दारातच उभा असतो, म्हणून त्यांची शांती आपल्याला कमावलेली वाटते. टिळकांची शांती खरी असूनही वाचकाला आयती मिळाल्यासारखी भासते.

मग तो झगडा कोठे गेला? आमचे उत्तर असे की, तो 'स्मृतिचित्रे'त आहे. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, दोन वर्षांत त्यांचा बाप्तिस्मा झाला: चरित्रकार ही कथा सरळ रेषेत सांगतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ती रेषा एका घराच्या मधोमध जाते. टिळक न सांगता घर सोडून जाणारे, संतापी, हाताला लागेल ते दान करून टाकणारे. बाई सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या, बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घेणाऱ्या बापाची लेक. नवऱ्याच्या धर्मांतराच्या वार्तेने त्या कोसळल्या. मूल बरोबर घेऊन पंढरपुरास राहिल्या, पुढे पतीजवळ आल्या तरी सोवळेओवळे सांभाळूनच. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नाशी त्या एकट्याच झुंजल्या आणि उत्तर सापडताच वागू लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की त्यांना कोणी वादात जिंकले नाही. टिळकांसारख्या वक्त्याच्या घरात राहून त्या वक्तृत्वाने बदलल्या नाहीत.

प्रार्थनेविषयी या बाई फारसे बोलतच नाहीत. स्वतःची फजिती सांगताना त्यांची लेखणी जितकी रमते तितकी भक्ती सांगताना रमत नाही, आणि ज्याला धार्मिक आत्मचरित्र वाचावयाचे आहे तो येथे थोडा निराशच व्हावा. आम्हांस मात्र हाच पुरावा वाटतो. जे बळ अभंगांत मागितले गेले ते या गद्यात वापरले जात असताना दिसते: नवऱ्याच्या लहरीला तोंड देताना, लोकांच्या पोरांना आपल्या घरात वाढवताना, आणि आपल्या दुःखाकडे पाहून हसताना. विनोद हाही शरणागतीचाच एक प्रकार आहे, असे विधान आम्ही सहसा केले नसते. या पुस्तकाने ते करावयास लावले.

आता टिळकांकडे परत येऊ. १९१७ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. प्रकृती खालावलेली, हाती दोनच वर्षे उरलेली. हा व्यवहार ज्याला अव्यवहार वाटेल त्याने अभंग पुन्हा वाचावेत. तेथील चरणांत 'मी' फार लहान होत जातो, आणि तो जितका लहान होतो तितकी कामाची उडी मोठी होते. चरित्राचा आधार घेऊन कवितेचे मोल वाढवू नये, हा नियम आम्हांस मान्य आहे. परंतु प्रार्थना ही अशी रचना आहे, की तिच्यातील शब्द खरे होते की नाही हे पुढच्या दिवसाच्या वागण्यावरून कळते. लावणीला किंवा निसर्गकवितेला अशी परीक्षा द्यावी लागत नाही.

आपल्यापैकी जे गोव्यात शिकवतात त्यांना एक गोष्ट जवळची आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते सासष्टीच्या भूमीत, टिळकांच्या जन्मापूर्वी सुमारे अडीचशे वर्षे. त्याची ओवी समुदायाला ऐकवण्यासाठी आहे, कथा सांगणारी, समजूत घालणारी. तेथे प्रार्थना होते ती सर्वांच्या वतीने. टिळकांत ती एकाची, दार लावून केलेली आहे. मराठी ख्रिस्ती वाणीचा हा प्रवास अभ्यासक्रमात एका तासात दाखवता येईल. त्यासाठी ओवीशेजारी अभंग ठेवणे पुरे.

आणि शक्य झाल्यास त्याशेजारी 'ख्रिस्तायन'ही ठेवावे. टिळकांनी त्याचे आरंभीचे दहा-अकरा अध्याय लिहिले आणि ते गेले. ज्यांना अक्षरे नवऱ्याने शिकवली, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले. १९३६ साली त्या निवर्तल्या. ग्रंथ छापून आला १९३८ मध्ये. पतीचे अध्याय अधिक डौलदार आहेत, बाईंचे अधिक घरगुती. सांधा कोठे आहे हे विद्यार्थ्यांना आधी न सांगता वाचून दाखवावे, आणि तो त्यांना ओळखू येतो का ते पाहावे.