पॉपाय डॉइल आणि मेल्टिंग पॉइंट

लॅबमध्ये मेल्टिंग पॉइंट घ्यायला बसलं की मला हल्ली 'द फ्रेंच कनेक्शन' आठवतो. विल्यम फ्रीडकिनचा १९७१ चा चित्रपट, पाच ऑस्कर मिळालेला. सगळे बोलतात ते त्यातल्या पाठलागाबद्दल: वर पुलावरून धावणारी ट्रेन, खाली गाडीत डॉइल झालेला जीन हॅकमन. थरारक आहेच तो. मी मात्र मागे नेऊन पुन्हा पाहिला तो सीन वेगळा.

फ्रान्समधून न्यूयॉर्कला आलेलं हेरॉइन घेण्याआधी गिऱ्हाईक, म्हणजे वाइनस्टॉक, स्वतःचा केमिस्ट बसवतो. चिमूटभर पावडर तापवायची आणि थर्मामीटर बघायचा. पारा जसा चढतो तसा केमिस्ट खूश होत जातो. का? शुद्ध पदार्थ ठरावीक तापमानाला, एखाद-दोन अंशांच्या आत वितळतो. भेसळ असेल तर आधीच सुरुवात होते आणि रेंगाळत वितळतो. (केमिस्ट शेवटी ८९ टक्के म्हणतो. नुसत्या पाऱ्यावरून इतका नेमका आकडा निघत नाही, पण असो.)

म्हणजे बघा, तस्कर पुरावा मागतात आणि पोलीस मागत नाही! डॉइलला नाइटक्लबात पैसे उधळणारा एक माणूस खटकतो, बस्स, तो मागे लागतो. बारमध्ये घुसून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना भिंतीला उभं करतो, वाटेल ते बोलतो. मागे त्याच्या अशाच खात्रीपायी एक पोलीस मेला, हे त्याला तोंडावर ऐकवलं जातं. तो ढिम्म.

आणि तो बरोबर ठरतो. तस्करांची गाडी अख्खी खोलून काही मिळत नाही, तेव्हा जोडीदार रूसो वजनाचं विचारतो. १२० पौंड जास्त! माल दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत निघतो. खात्री डॉइलची, पण पुरावा दिला तो वजनकाट्याने.

गेल्या वर्षी माझ्या एका कंपाउंडचा मेल्टिंग पॉइंट चार अंश कमी आला. मशीन बिघडलंय, असं मी ठामपणे सांगत राहिलो. त्याआधी एकदा माझा असाच अंदाज खरा निघाला होता ना, तेच नडलं. तीन आठवडे गेले. सॅम्पलमध्ये सॉल्व्हंट राहिलं होतं, बाकी काही नाही.

शेवट सांगतोय, चित्रपट पाहिला नसेल तर इथे थांबा. पडक्या इमारतीत डॉइल एका सावलीवर गोळ्या झाडतो. तो निघतो त्यांच्याच बाजूचा फेडरल एजंट. डॉइल क्षणभरही थांबत नाही. बंदूक भरतो, अंधारात शिरतो, आतून एक गोळीचा आवाज येतो. कुणावर झाडली, फ्रीडकिन दाखवत नाही. मग पडद्यावर पाट्या येतात: मुख्य तस्कर सापडलाच नाही, डॉइल आणि रूसोची बदली झाली. आणि तो केमिस्टवाला वाइनस्टॉक? योग्य पुराव्याअभावी सुटला.