‘कायम’ चुंबक किती कायम?

अतिसंवाहकात विद्युत्‌प्रवाह एकदा सुरू झाला की तो थांबत नाही; म्हणून अतिसंवाहकापासून कधीही क्षीण न होणारा चुंबक मिळतो, अशा अर्थाचे विधान लोकप्रिय विज्ञानलेखांत आणि प्रदर्शनांतील तक्त्यांवर वारंवार आढळते. त्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी बरोबर आहे. दुसरा भाग मात्र पहिल्यावरून आपोआप निघत नाही. वर्गात हे विधान जसेच्या तसे सांगणे योग्य नाही, ते का, हे येथे पाहू.

कॅमरलिंग ओन्स यांना १९११ मध्ये अतिसंवाहकतेचा शोध लागला आणि १९१४ मध्ये त्यांनी बंद वेटोळ्यात टिकून राहणारा प्रवाह दाखवला. एमआरआय यंत्रातील चुंबक याच तत्त्वावर चालतो. ठोकळ्याच्या चुंबकाची गोष्ट निराळी आहे. इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडची चकती तीव्र चुंबकीय क्षेत्रात थंड करून ते क्षेत्र काढून घेतले, की बलरेषा चकतीतील सूक्ष्म दोषांत अडकून राहतात. हे अडकणे फार प्रभावी असते. २०१४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अशाच प्रकारच्या दोन चकत्यांच्या मध्ये २६ केल्विन तापमानाला १७.६ टेस्ला क्षेत्र टिकवून दाखवले. उत्तम निओडिमियम चुंबकाचे शिल्लक चुंबकन सुमारे १.४ टेस्ला असते.

पण अडकलेली वस्तू सुटूही शकते. चकतीच्या मूळ चुंबकनाला काटकोनात, म्हणजे आडवे, असे एक दुबळे क्षेत्र लावून ते पुन्हा पुन्हा उलटसुलट केले, तर चकतीचे चुंबकन प्रत्येक आवर्तनात थोडे थोडे घटते. याचे कारण असे. अतिसंवाहकात प्रवाहाच्या घनतेला एक कमाल मर्यादा असते. बीन यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार बलरेषा अडकवून ठेवणारा प्रवाह या मर्यादेइतकाच वाहत असतो. आडवे क्षेत्र आले की त्याला विरोध करणारा प्रवाह चकतीच्या वरच्या व खालच्या थरांत निर्माण व्हावा लागतो. मर्यादा आधीच गाठलेली असल्याने त्या थरांतील जुन्या प्रवाहाची मांडणी बदलते आणि मूळ चुंबकनातील त्यांचा वाटा कमी होतो. आडवे क्षेत्र काढून घेतले तरी तो वाटा परत मिळत नाही.

हलवून खुंटा बळकट करावा, असे आपण म्हणतो. परंतु परभणीच्या काळ्या मातीत घट्ट रुतलेला खुंटा उपटताना शेतकरी तो सरळ वर ओढत बसत नाही. आधी आडवा हलवतो. वर्गात याहून सोपा प्रयोग करता येईल. फळी अशी तिरपी ठेवा की तिच्यावरचे पुस्तक घर्षणामुळे जेमतेम थांबेल. आता पुस्तक बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवा. खाली न ढकलताही ते दर खेपेला थोडे खाली येईल. घर्षणाचे बल सरकण्याच्या विरुद्ध दिशेने लागते. ते आडव्या हालचालीत गुंतले की उतारावर पुस्तक पूर्णपणे रोखू शकत नाही. प्रवाहाच्या मर्यादेचेही साधारण असेच आहे.

या विषयावर व्हँडरबेम्डेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. बलरेषा एकमेकींना छेदतात असे गृहीत न धरताही केवळ प्रवाहाच्या बदललेल्या मांडणीवरून ही घट समजावता येते, हे त्यांनी दाखवले. सुमारे शंभर आवर्तनांनंतरही घट थांबल्याचे त्यांना आढळले नाही. प्रयोग आणि गणित यांची अशी सांगड हे या कामाचे बळ होय. त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. त्यांचे प्रतिमान द्विमितीय आहे. त्यात प्रवाह नेहमी क्षेत्राला काटकोनातच वाहतो. प्रत्यक्ष चकतीत तो काही ठिकाणी क्षेत्राच्या दिशेनेही वाहतो. म्हणून बलरेषांच्या छेदनाचा प्रश्न कायमचा मिटला, असे या अभ्यासावरून म्हणता येणार नाही; मेळ गुणात्मक आहे, असे लेखकही म्हणतात.

शंभर आवर्तने म्हणजे किती वेळ? आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. त्या गतीने शंभर आवर्तने दोन सेकंदांत होतात. मोटरच्या फिरत्या भागात असा चुंबक बसवला, तर मुख्य क्षेत्र त्याच्याबरोबर फिरत असले तरी खाचा व वेटोळी यांमुळे क्षेत्रात लहान चढउतार राहतातच. म्हणून अशा मोटरींच्या रचनाकारांना ही घट आधीच हिशेबात धरावी लागते. चकतीऐवजी पातळ अतिसंवाहक फितींची चळत वापरल्यास ती कमी करता येते, असे प्रयोगांत दिसले आहे.

तेव्हा शिक्षकांनी हे विधान गाळू नये. त्याला अटी जोडाव्यात. असा चुंबक त्याच्या क्रांतिक तापमानाच्या, वरील पदार्थासाठी सुमारे ९२ केल्विनच्या, बराच खाली ठेवला पाहिजे. तशा थंडीतही अडकलेल्या बलरेषा अतिशय सावकाश सरकत असतात. आणि आडवे बदलते क्षेत्र लागले की ही घट वेगाने होते. ‘कायम’ हा शब्द आला की ‘कोणत्या परिस्थितीत?’ असे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर ती केवळ अतिसंवाहकांपुरती उपयोगी पडणार नाही.