गळ्यातलं, कानातलं आणि विसरलेलं

संध्याकाळची धीमी लोकल भायखळा ओलांडते आणि महिलांच्या डब्यात कानातलीवाली चढते. पुठ्ठ्याच्या फलकावर ओळीने टोचलेले झुमके, खडे, रिंगा. फलक डब्यातल्या कड्यांना अडकवून ती दोन बाकांच्या मधे उभी राहते आणि पेंगणाऱ्या बायका जाग्या होतात. एक जोड हातोहात चार बाकांवर फिरतो. जी ती मोबाइलचा पुढचा कॅमेरा उघडून कानाशी धरून बघते. अनोळखी शेजारीण सांगते, "हे नको, तुम्हाला ते मोठं चांगलं दिसेल." कुर्ला येईपर्यंत तीन जोड खपलेले असतात. शहरातल्या रस्त्यावरच्या फॅशनबद्दल लिहायला बसले की मला हाच डबा आठवतो. इथे बाई स्वतःच्या पैशांनी, स्वतःसाठी, घरी कुणाला न विचारता कानातलं घेते. मराठी घरांतून दागिना फार काळ असा घेतला जात नव्हता.

तो कसा घेतला जात होता, हे आपली भाषाच सांगते. मराठीत दागिन्याला पुष्कळदा नाव नसतं, नुसती जागा असते : कानातलं, नाकातलं, हातातलं. 'गळ्यातलं' म्हटलं की मंगळसूत्र, हे वेगळं सांगावं लागत नाही. अंगावर काही नसलेली बाई 'लंकेची पार्वती'. बांगडी फुटली म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. अडीनडीला पाटल्या मोडायच्या आणि दिवस पालटले की पुन्हा घडवायच्या. म्हणजे दागिना आधी शिक्का होता, मग ठेव होती आणि उरलाच तर शृंगार. बाईकडे एक नजर टाकली की लग्न झालंय का, नवरा आहे का, जात कुठली, घरची ऐपत किती, सगळं कळायचं.

आज दादरच्या पुलावर किंवा पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर उभं राहा. नाकात चमकी, गळ्यात काळपट चांदीसारखा जाड हार, एका पायात काळा दोरा, मनगटावर स्मार्टवॉच, बोटात राजमुद्रेची अंगठी आणि कपाळावर चंद्रकोर, अशी मुलगी समोरून येते. तिची जात, लग्न, मिळकत यांपैकी काहीही तिच्या अंगावरून सांगता येत नाही. रस्त्यावरच्या या कलेची ही मोठी कमाई आहे. दागिन्यांचे जुने अर्थ विसरले गेले म्हणून ती पदरात पडली. प्रश्न एवढाच, की हे विसरणं कुणी केलं. मला वाटतं, या कलेचं आजचं बरंवाईट याच प्रश्नावर ठरवावं लागेल.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. गणेशोत्सवात पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत पांढरा सदरा, फेटा, गॉगल आणि कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी घातलेले तरुण दिसतात. भिकबाळी आता पेशवाई रुबाबाची खूण झाली आहे. तिच्या नावामागची हकिगत मात्र रुबाबाची नाही. मुलं जगत नसलेल्या घरात एखादं जगलं, तर त्याला नजर लागू नये म्हणून आई-बाप चार घरी भीक मागायचे आणि त्या पैशांतून त्याच्या कानात बाळी घालायचे, असं सांगतात. ढोल वाजवणाऱ्या पोराला यातलं काही ठाऊक नसेल. नसू दे. ज्या भीतीतून ती बाळी आली ती भीती आज तेवढी उरलेली नाही. हे विसरणं निरोगी आहे.

नथीचं तसं म्हणता येत नाही. मराठीपणाचा पहिला पुरावा म्हणून आपण नथ पुढे करतो, पण नाकातल्या दागिन्याचं वय फार नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी गेल्या शतकात नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला होता. प्राचीन शिल्पांत आणि अजिंठ्याच्या चित्रांत गळे, कान, दंड, कंबरा दागिन्यांनी लगडलेल्या दिसतात, नाकं मात्र मोकळी असतात. परंपरा म्हणून मिरवलेली गोष्ट एके काळी नवी फॅशन होती, यात लाजण्यासारखं काही नाही. नथ रस्त्यावर टिकली आहे तीही नवेपणामुळेच. नाक न टोचता घालायची दाबाची नथ आली आणि जिला हवी तिला, हवी तेव्हा ती घालता येऊ लागली. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर तिचा आकार वाढला. टाळेबंदीत ती कापडी मुखपट्टीवर भरतकाम होऊन अवतरली. मग मोबाइलच्या कव्हरवर गेली, टी-शर्टवर गेली, कानातल्यांत गेली.

तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याबद्दल. पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेली, नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि गॉगल घातलेली पहिली मुलगी पाहिली तेव्हा मी थांबून पाहत राहिले होते. तीत खोडकरपणा होता, थोडं आव्हानही होतं. आज गिरगावात किंवा डोंबिवलीत तशा शेकडो दिसतात आणि त्यांतली एक दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. नथीचा आकार तोच, चंद्रकोर तीच, फोटोसाठी मान वळवण्याची तऱ्हाही तीच. शृंगाराचा गणवेश झाला की त्यातला माणूस दिसेनासा होतो.

आता अवघड उदाहरण. कुलाब्याच्या पदपथापासून तुळशीबागेपर्यंत सगळीकडे सध्या 'ऑक्सिडाइज्ड'चं राज्य आहे. गंधकाच्या संयुगाने पृष्ठभाग काळवंडवायचा, मग उंच भाग घासून उजळ करायचे, म्हणजे नक्षी उठून दिसते. मूळ काम चांदीवरचं, पण बाजारात मिळतं ते बहुतेक जर्मन सिल्व्हर किंवा त्याहून हलकं काही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदी औषधालाही नसते. कोपरापर्यंत कडी, गळ्यात जाड गळसऱ्या, पायात वाळे हा साज जाहिरातींत 'ट्राइबल' किंवा 'बोहो' या नावाने विकला जातो. हातमागाची साडी, मोठी टिकली आणि हा साज, अशी एक सुशिक्षित, पुरोगामी बाई शहरात घडली आहे. मीही त्यांतलीच.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांपुढे केलेलं भाषण वाचलं तेव्हा माझ्या हातातली कडी मला जड झाली. गळ्यातल्या गळसऱ्यांचे ढीग आणि कोपरापर्यंतचे चांदीचे, कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाकून द्या, असं त्यांनी त्या बायकांना सांगितलं होतं. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असा त्यांचा सल्ला होता. लुगडं नेसण्याची पद्धतही बदलायला सांगितली होती आणि बायकांनी ती बदलली. जो साज उतरवून ठेवणं हे त्यांच्या माणूसपणाचं पहिलं पाऊल होतं, तोच साज शंभर वर्षांच्या आत माझ्यासारखीच्या अंगावर अभिरुचीची खूण म्हणून आला. हे विसरणं मला फुकट मिळालं, कारण तो भार माझ्या घरातल्या कुणी वाहिला नव्हता. म्हणून कुणी पांढऱ्या धातूचे दागिने घालू नयेत असं माझं म्हणणं नाही, मीही ते टाकलेले नाहीत. पण ज्या मुलीची आजी महाडच्या वाटेने गेली असेल, ती ऑफिसला सोन्याची नाजूक साखळी आणि निळ्या दगडाचं पदक घालून येते, तेव्हा तिला कुणी 'टिपिकल' म्हणू नये. तिच्या साखळीतही विचार आहे आणि माझ्या कड्यांतल्या विचाराहून तो जुना आहे.

मंगळसूत्राची गोष्ट उलट्या दिशेने गेली. तिथे अर्थ बदलला तो ते घालणाऱ्यांनीच. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'होणार सून मी ह्या घरची' मालिकेनंतर बायका सोनाराकडे जाऊन नायिकेच्या नावाने 'जान्हवीचं मंगळसूत्र' मागू लागल्या. सौभाग्याची खूण फॅशनच्या रांगेत आली. लोकलच्या गर्दीमुळे आणि साखळीचोरांच्या धास्तीने ते आखूड झालं, रोजचं खोटं आणि समारंभाचं खरं अशी वाटणी झाली, पुढे मनगटावर ब्रेसलेट होऊन बसलं. २०२१ मध्ये बुल्गारीसारख्या इटालियन कंपनीने साडेतीन लाखांच्या घरातलं मंगळसूत्र बाजारात आणलं, त्यावर बरीच चर्चा झाली. मला त्याहून मोठी घटना वाटते ती पुढच्या वर्षीची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. राज्य सरकारनेही ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. काढून घेण्याचा हक्क दुसऱ्याकडे असेल, तोवर दागिना बाईचा नसतोच. शहरातल्या फॅशनने मंगळसूत्राला पन्नास आकार दिले, पण ते बाईचं स्वतःचं कसं होईल याची दिशा शिरोळ तालुक्यातल्या एका गावाने दाखवली.

पुरुषांबद्दल थोडक्यात. त्यांचा दागिना अजून ऐपतीतच अडकलेला आहे. 'गोल्डमॅन' म्हणून ओळखले गेलेले खडकवासल्याचे आमदार रमेश वांजळे २०११ मध्ये गेले, पण साखळदंडासारखी साखळी आणि चार बोटांत चार अंगठ्या हा थाट पुण्याच्या आसपास आजही दिसतो. त्यापेक्षा मला कॉलेजातली पोरं आवडतात. मनगटावर मंदिराचा लाल धागा, शेजारी मैत्रिणीने विणलेला पट्टा, एका कानात इवलासा खडा. यांतल्या कशालाच बाजारात भाव नाही.

आणि भाव हा आता निर्णायक झाला आहे. १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रणाखाली चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी केली, तेव्हा सोनारांची घरं उद्ध्वस्त झाली. लोकांनी ते सोनं कधी मनापासून स्वीकारलं नाही आणि पुढे सुवर्ण नियंत्रणाचा कायदाही १९९० मध्ये गेला. सरकारला जे जमलं नाही ते भावाने करून दाखवलं. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेला आणि त्याच वर्षी नऊ कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळू लागला. नोकरी लागलेली मुलगी आज नऊ कॅरेटची साखळी आनंदाने घेते. मोडण्यासाठी नव्हे, घालण्यासाठी.

या सगळ्या आढाव्यात जमेची बाजू मोठी आहे. दागिना तिजोरीतून बाहेर आला, स्वस्त झाला, बाईच्या मर्जीत आला. खर्चाच्या बाजूला दोन गोष्टी आहेत. एक, हातकाम. ठुशीचे मणी तारेत घट्ट गुंफणं, तन्मणी गाठवणं ही बोटांची कला आहे. पेठेत एखाद्या बोळाच्या तोंडाशी 'दागिने गाठवून मिळतील' अशी पाटी अजून दिसते, पण साच्यातून निघणाऱ्या मालापुढे या कलेची डाळ शिजत नाही. दुसरी गोष्ट, नावं. दुकानात चिंचपेटी मागितली तर 'चोकर का?' असं विचारतात. वज्रटीक, ठुशी, चिंचपेटी या तिघींना मिळून एकच 'चोकर' उरला आहे, आणि बाकी सगळा 'सेट'. अर्थ विसरले तर नवे देता येतात. नाव गेलं की घडणही जाते, कारण ती कुणी मागतच नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः वाचकिणींना, एकच सांगायचं आहे. सोन्याची घ्या, एक ग्रॅमची घ्या नाहीतर पदपथावरची घ्या, पण ठुशी घेताना तिला ठुशी म्हणा. दोनदा नाव घेऊन मागितलं की तिसऱ्या खेपेला दुकानदारही त्याच नावाने दाखवतो.