नव्या वसाहतींतील लेखन

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील माणसें आज जितकें लिहितात, तितकें त्यांच्या आज्यापणज्यांनीं जन्मभरांतहि लिहिलें नसेल. सकाळचा चहा होण्यापूर्वींच घरांतील चार माणसें चार ठिकाणीं कांहीं ना कांहीं लिहून मोकळीं होतात. तरीहि ह्या लेखनाकडे लेखन म्हणून पाहण्याची, त्याचे गुणदोष तपासण्याची आणि मुख्य म्हणजे तें पुढें कोणाच्या हातीं राहणार हें विचारण्याची चाल आपल्यांत अजून पडलेली नाहीं. मासिकांतून कादंबरीवर टीका होते, काव्यावर होते, नाटकावर तर फारच होते. परंतु फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम ह्या नांवांखालीं गद्याचा जो पूर रोज लोटतो आहे, त्याची दखल एक तर कौतुकानें घेतली जाते, नाहीं तर तिरस्कारानें. हे दोन्ही मार्ग सोपे आहेत, म्हणून ते सोडून ह्या लेखनाचा वाङ्मयाच्या दृष्टीनें विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या विचारास नवी मुंबई हें स्थळ दोन कारणांनीं विशेष सोयीचें आहे. पहिलें कारण असें कीं, पुराचा एक उगम येथेंच आहे. ज्या जिओ कंपनीनें ५ सप्टेंबर २०१६ रोजीं आपली सेवा सुरू करून इंटरनेट जवळजवळ फुकटांत घरोघर पोंचविलें, तिचें विस्तीर्ण संकुल घणसोलीस आहे; आणि ऐरोली-महापे पट्टींत, जेथें एके काळीं केवळ कारखाने होते, तेथें आतां माहितीचे सांठे बाळगणारीं डेटा सेंटरें उभीं आहेत. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. हें शहरच मुळीं नवागतांची वसाहत आहे. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली, ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी ह्या नगरासाठीं ठरविण्यांत आल्या, आणि पुढें गिरगांव-दादरच्या चाळींतून, कोंकणांतून, घाटावरून व परप्रांतांतून माणसें येथें येऊन राहिलीं. वाशी, नेरूळ, खारघर येथील इमारतींत शेजारी आहे, पण वडिलोपार्जित शेजार नाहीं. चाळीच्या गॅलरींत जें काम उभ्याउभ्या होत असे, तें येथें सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर होतें. मोरबे धरणाच्या जलवाहिनीचें काम निघाल्यामुळें उद्यां पाणी येणार नाहीं, हें तेथेंच कळतें. गाडी कोणाच्या जागेंत कोणी लावली ह्याचा निवाडा तेथेंच होतो. आणि तिसऱ्या मजल्यावरील आजोबा वारल्याची वार्ताहि तेथेंच येते, वाढदिवसाच्या दोन शुभेच्छांच्या मधोमध.

नवी वसाहत सांपडणें, तींत बिऱ्हाड मांडणें आणि कांहीं वर्षांनीं तें हलविणें, हा क्रम इंटरनेटवरील आयुष्यांत नित्याचा आहे. भारतांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. लगेच दुसऱ्या वर्षीं, १९९६ मध्यें, परदेशस्थ मराठी मंडळींच्या पुढाकारानें ‘मायबोली’ सुरू झाली. पुढें २००७ मध्यें ‘मिसळपाव’ आणि २०११ मध्यें ‘ऐसी अक्षरे’ हीं स्थळें निघालीं. त्याच काळांत कंपन्यांच्या मोठ्या वसाहती उठल्या. आजच्या चाळिशींतील पिढीचें महाविद्यालयीन जीवन ज्या ‘ऑर्कुट’वर गेलें, तें २००४ मध्यें उघडलें आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. गूगल प्लस २०११ मध्यें आलें, २०१९ मध्यें गेलें. ‘कू’ हें देशी स्थळ २०२० मध्यें मोठ्या गाजावाजानें निघालें आणि २०२४ मध्यें त्याचें दुकान उठलें. फेसबुकवर आईबाप आले म्हणून मुलें इन्स्टाग्रामवर गेलीं. आतां तेथेंहि मावश्या-काकू दिसूं लागल्या आहेत, तेव्हां मुलांचें पुढील प्रस्थान फार दूर नसावें. ह्या भटकंतींत वाईट असें कांहीं नाहीं. नवें अंगण पाहण्याची हौस तारुण्यास शोभतेच. प्रश्न एवढाच कीं, बिऱ्हाड हलवितांना मागें काय राहिलें?

उत्तर देण्यापूर्वीं ह्या लेखनाची जात पाहूं. मायबोलीसारख्या लहान स्थळांवर लेखास मथळा असे, त्याला आरंभ व शेवट असे, आणि खालीं उत्तरें येत तीं ज्या क्रमानें लिहिलीं त्याच क्रमानें. वालाच्या बिरड्यांत कांदा घालावा कीं घालूं नये, ह्यावर पन्नास माणसें वाद घालीत. त्यांत पाठारे प्रभूंची रीत एक, चित्पावनांची दुसरी, आगरी-कोळ्यांची तिसरी, असें सर्व निघे. असा वाद वर्षानुवर्षांनीं वाचणाऱ्यास त्यांतून बोली सांपडते, घरगुती रीत सांपडते, माणसांचे स्वभावहि सांपडतात. तेथें भांडणें होत, कंपू पडत, संचालकांवर पक्षपाताचे आरोप होत. आणि हें सर्व आमच्या जुन्या मासिकांतहि होतच होतें. मोठ्या कंपन्यांच्या स्थळांची घडण वेगळी आहे. त्यांचें उत्पन्न जाहिरातींचें. म्हणून वाचक जितका वेळ खिळून राहील तितका त्यांचा लाभ. सबब तेथें लेख काळाच्या क्रमानें येत नाहींत, तर कोणता लेख पाहून वाचक बोट थांबवील ह्या अंदाजानें यंत्र ते मांडतें. फेसबुकनें २००९ मध्यें ‘लाइक’ची खूण आणली, तेव्हांपासून अभिप्रायास शब्दांचीहि गरज उरली नाहीं. ह्याचा परिणाम शैलीवर झाल्यावांचून कसा राहील? पहिल्या ओळींत धक्का, दुसऱ्या ओळींत स्वतःचें छायाचित्र आणि तिसऱ्या ओळींत उपदेश, हा ह्या नव्या गद्याचा सांचा झाला आहे. बरें लिहिणारी माणसेंहि त्यांत हळूहळू बसविलीं जातात, आणि त्यांचें महिन्यापूर्वींचें लेखन शोधूं जावें तर त्यांनाच तें सांपडत नाहीं.

पुढें ढकललेल्या मजकुराचा प्रकार तर स्वतंत्र टीकेस पात्र आहे. पु. ल. देशपांडे किंवा कुसुमाग्रज यांनीं जें कधींच लिहिलें नाहीं, तें त्यांच्या नांवावर रोज फिरत असतें. प्रक्षिप्ताचा हा रोग आपल्या वाङ्मयांत नवा नाहीं. गाथ्यांतील कोणता अभंग तुकोबांचा आणि कोणता मागाहून घुसलेला, ह्यावर विद्वानांचीं आयुष्यें गेलीं. परंतु पूर्वींचा अनामिक कवि स्वतःची ओळ संताच्या चरणीं वाही, ती भक्तीनें. आजचा मनुष्य दुसऱ्याच्याच ओळी तिसऱ्याच्या नांवें चौथ्यास धाडतो, तो घाईनें. भावी संपादकास त्यांतून अस्सल वेगळें काढणें पूर्वींहून फार कठीण जाणार आहे.

तथापि दोष पाहून गुण नाकारणें हें टीकाकाराचें काम नव्हे. ज्यांस मासिकाच्या संपादकानें दारांतहि उभें केलें नसतें, अशा कितीतरी माणसांस ह्या स्थळांनीं लिहितें केलें. दुपारीं घरकाम आटोपून स्वतःच्या सासुरवासाची हकीकत सरळ शब्दांत लिहिणारी गृहिणी, पाळी संपल्यावर लोकलमध्यें बसून लिहिणारा कामगार, गांवची जत्रा आपल्याच बोलींत सांगणारा विद्यार्थी, हे मराठी गद्यांत नवे आहेत आणि त्यांचें स्वागत केलें पाहिजे. १८४८ पासून लोकहितवादींनीं ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत जीं पत्रें लिहिलीं, तींहि आकारानें लहान, विषयानें तात्कालिक आणि भाषेनें रोखठोकच होतीं. त्यांना त्या काळीं कोणी वाङ्मय म्हणून वाचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ‘शतपत्रें’ म्हणून तीं आज वाचावयास मिळतात, ह्याचें एक साधें कारण हें कीं, तीं कागदावर होतीं आणि त्या कागदाच्या प्रती अनेकांच्या घरीं होत्या.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, समाजमाध्यमावरील मजकूर हें लेखन नव्हेच, तें कट्ट्यावरचें बोलणें आहे. आणि बोलणें वाऱ्यावर जावें हेंच योग्य. आक्षेप वरवर खरा दिसतो. परंतु कट्ट्यावरील बोलणें सर्वांच्या बाबतींत सारखेंच नाहींसें होतें. हें बोलणें तसें होत नाहीं. आपल्यापुरतें तें हरवतें, आणि स्थळाच्या मालकापाशीं तारीख-वेळेसह जपलें जातें. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर कांहीं वाक्यें लिहिलीं, दुसरीनें त्यांस ‘लाइक’ केलें, आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकरणांत लावलेलें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें, हें बरें झालें. पण बोलणें म्हणून जें टाकलें, तें लेख म्हणून धरलें गेलें, ही गोष्ट उरतेच. जें आपल्याविरुद्ध लेख ठरतें, तें आपल्या उपयोगाचाहि लेख ठरलें पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

ह्या मुद्द्याचें महत्त्व एका जुन्या उदाहरणानें पटेल. पेण तालुक्यांतील वरसई येथील विष्णुभट गोडसे यांनीं १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे केलेल्या आपल्या प्रवासाची हकीकत १८८३ मध्यें लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ ह्या नांवानें चिंतामणराव वैद्यांनीं छापली १९०७ मध्यें. मधलीं चोवीस वर्षें तें बाड कोणास कांहीं न मागतां पडून राहिलें. वैद्यांनीं छापतांना मजकुरांत फेरफार केले होते; परंतु मूळ बाड शिल्लक होतें, म्हणूनच १९६६ मध्यें दत्तो वामन पोतदारांना मूळ संहिता प्रसिद्ध करतां आली. आज वरसईहून दोन घटकांच्या वाटेवर, पनवेलच्या एखाद्या सदनिकेंत, कोणी नव्या काळाचा भटजी आपली हकीकत रोज फेसबुकवर लिहीत असेल. त्याच्या पश्चात् चोवीस वर्षांनीं ती कोणाच्या हातीं लागणार? ऑर्कुटवरील सार्वजनिक चर्चांचें दप्तर स्थळ बंद झाल्यावर कांहीं काळ वाचनासाठीं ठेविलें होतें. पुढें तेंहि काढून टाकण्यांत आलें. गोडसे भटजींचें बाड वाळवीनें खाल्लें असतें तर तो दैवाचा खेळ म्हटला असता. येथें एका कचेरींतील ठरावानें एका पिढीचें लेखन पुसलें जातें, आणि लिहिणाऱ्यास त्यांत बोलावयास जागा नाहीं.

नवी मुंबईच्या भूमींतच ह्याला तुल्य असा एक प्रसंग घडलेला आहे. जमिनी घेतल्या गेलेल्या येथील शेतकऱ्यांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत लढा दिला, गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले, आणि त्यांतून पुढें विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकास परत देण्याचें धोरण आलें. रक्त सांडून मिळविलेल्या त्या हक्काची आणि आमच्या ह्या प्रश्नाची बरोबरी करण्याचा आमचा विचार नाहीं. तत्त्व मात्र तेथून घेण्यासारखें आहे: ज्याच्या मातीवर नगर उठलें, त्याचा त्या नगरांत कांहीं वांटा असतो. समाजमाध्यमांची माती म्हणजे लोकांचे शब्द. त्या शब्दांतील आपला वांटा म्हणून आम्ही पैसा मागत नाहीं. आपलें लेखन उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क मागतों. युरोपांत हा हक्क २५ मे २०१८ पासून कायद्यानें लागू आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकांत तो होता. परंतु २०२३ मध्यें जो वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यांत तो आढळत नाहीं. आपल्यासंबंधींची माहिती दुरुस्त करवून घेण्याचा, पुसवून घेण्याचा, आणि आपल्या पश्चात् हे अधिकार चालविण्यास कोणास तरी नेमून ठेवण्याचा हक्क त्या कायद्यानें मान्य केला आहे. वारसास पुसण्याचा अधिकार आहे, आणि वाहून नेण्याचा नाहीं, ही स्थिति विचित्र आहे.

कायदा सुधारेल तेव्हां सुधारो. घरानें मात्र त्याची वाट पाहूं नये. आपलें लेखन व छायाचित्रें ह्यांची प्रत उतरवून घेण्याची सोय फेसबुक व गूगल देतात, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणहि बाहेर काढतां येतें. दसऱ्यास आपण पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करितों. त्याच दिवशीं घरांतील कोणी तरुण माणसानें सर्वांच्या लेखनाची वर्षभराची प्रत काढून ठेवावी, आणि त्यांतील आजीचीं चार पत्रवजा टिपणें निवडून कागदावर छापावीं. दिवाळी अंकांच्या संपादकांनींहि केवळ नामांकितांच्या दारीं न जातां ह्या नव्या लेखकांतून वेंचून घ्यावें. लहान मराठी स्थळें चालविणारांस वाचकांनीं वर्गणीनें हात द्यावा, कारण तेथें लेख शोधल्यास अजून सांपडतो. मुलांनीं उद्यां खुशाल नव्या वसाहतींत जावें. मात्र जातांना आपलीं बाडें बरोबर न्यावीं, एवढें सुचवून आम्ही हा लेख पुरा करितों.