पेशीपटल, जीवाणूंची प्रथिने आणि ‘अपहरणा’ची भाषा : एक चिकित्सा

रोगकारक जीवाणू यजमान पेशीत कसा शिरतो, हे सांगताना आक्रमण, घुसखोरी, अपहरण हे शब्द सर्रास योजले जातात. विषय सुलभ करण्यास त्यांचे साहाय्य होते, हे खरे. परंतु प्रयोगसिद्ध तथ्यांना हे रूपक कितपत न्याय देते, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. साल्मोनेला टायफिम्युरियम या जीवाणूच्या आधारे त्याची चिकित्सा करणे प्रस्तुत ठरेल.

हा जीवाणू सुईसारख्या स्रावयंत्रणेतून आपली प्रथिने थेट यजमान पेशीत सोडतो. त्यांपैकी सॉप-ई हे प्रथिन पेशीतील रॅक-१ व सीडीसी-४२ ही नियंत्रक प्रथिने कार्यान्वित करते, असे हार्ट, गॅलान व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले. परिणामी पटलाखालील अ‍ॅक्टिन तंतूंची फेरमांडणी होते, पटलाला झालरीसारख्या घड्या पडतात आणि जीवाणू आत ओढला जातो. येथवर अपहरणाचे रूपक चालून जाते.

तथापि १९९९ मध्ये फू व गॅलान यांनी दाखविले की, त्याच मार्गाने आत येणारे एसपीटीपी हे प्रथिन याच दोन नियंत्रकांना निष्क्रिय करून पेशीला पूर्वस्थितीत आणते. दार फोडणारा ते दुरुस्त करीत बसत नाही. पुढे कुबोरी व गॅलान यांच्या २००३ मधील संशोधनातून या क्रमाचे कारण उलगडले. यजमान पेशीतील प्रोटिआसोम सॉप-ई लवकर नष्ट करते. एसपीटीपी अधिक काळ टिकते. म्हणजे जीवाणूचे वेळापत्रक यजमानाच्या विघटनयंत्रणेवाचून पूर्ण होत नाही. ‘हेही अपहरणच’ असा प्रतिवाद संभवतो व तो अंशतः ग्राह्य आहे. कारण विघटनाचा वेग त्या प्रथिनांच्या स्वतःच्या रचनेवरही अवलंबून असतो. परंतु रूपकातून विध्वंस सूचित होतो, तर जीवाणूला पेशीच्या आत, पटलवेष्टित पोकळीत, वस्ती करावयाची असते. पेशी शाबूत राहणे ही त्याचीही गरज आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या मर्यादेविषयी आहे. झालरींचे प्रसिद्ध चित्र प्रामुख्याने हेलासारख्या संवर्धित पेशींवरून तयार झाले. आतड्यातील अस्तरपेशींवर सूक्ष्म अंकुरांचे दाट आच्छादन असते. हार्ट यांच्याच गटाने २०२० मध्ये उंदराच्या आतड्यात पाहणी केली, तेव्हा तशा ठळक झालरी आढळल्या नाहीत. प्रवेश मुख्यतः सिप-ए या दुसऱ्याच प्रथिनावर अवलंबून असल्याचे दिसले. यामुळे १९९८ चे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. त्यांचे क्षेत्र मात्र निश्चित होते.

सारांश, रूपक वर्ज्य करण्याचे कारण नाही. मात्र अध्यापनात सॉप-ईबरोबर एसपीटीपीचा उल्लेख व्हावा आणि प्रत्येक आकृतीखाली ती कोणत्या पेशींवरील निरीक्षणातून आली, हे नोंदविले जावे. अन्यथा विद्यार्थ्याच्या मनात युद्धकथा उरते आणि पेशीपटलाची स्वतःची कार्यशीलता दृष्टीआड होते.