धर्मस्वीकार आणि मनःप्रक्षालन : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांची साक्ष

ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि ज्याला इंग्रजीत ‘ब्रेनवॉशिंग’ म्हणतात ते मनःप्रक्षालन यांत स्वरूपतः काही भेद आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राचा अथवा धर्मशास्त्राचा वाटतो. तथापि मराठी साहित्याच्या अभ्यासकालाही तो टाळता येण्यासारखा नाही. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’, लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ आणि पंडिता रमाबाई यांचा पत्रव्यवहार हे लेखन धर्मांतराच्या अनुभवाची साक्ष देते. आणि ती साक्ष स्वतंत्र मनाची आहे की दुसऱ्याने घडविलेल्या मनाची, याचा विचार केल्याविना त्याचे वाङ्मयीन मूल्यमापन अपुरे राहते. साक्षीदाराचे मनच परक्या हातांनी घडविलेले असेल, तर त्याच्या आत्मचरित्रात ‘आत्म’ कितपत उरतो, इतका हा प्रश्न मूलगामी आहे.

मराठी भाषेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले होते. ‘तो बाटला’ आणि ‘त्याला बाटविला’ हे दोनच प्रयोग एकोणिसाव्या शतकातील लोकभाषेला पुरेसे वाटत. पहिल्यात धर्मांतरित व्यक्ती भांड्यासारखी विटाळते, दुसऱ्यात ती परक्या कर्त्याच्या क्रियेचे कर्म बनते. तिने स्वतः काही ठरविले, ही शक्यता या दोहोंपैकी कोणत्याच क्रियापदात नाही. फूस लावणे, भुरळ पाडणे, नादी लावणे हे वाक्प्रचारही त्याच घरचे. याउलट मिशनरी प्रतिवृत्तांत धर्मांतर होते ते ईश्वरी कृपेने; तेथेही मनुष्याच्या निर्णयाला गौण स्थान. निंदक आणि प्रशंसक या दोघांनीही धर्मांतरिताचे कर्तेपण हिरावून घेतलेले दिसते. मनःप्रक्षालनाचा आरोप हा त्या जुन्या ‘बाटविण्या’चाच विसाव्या शतकातील शास्त्रीय अवतार होय.

या संज्ञेचा इतिहास उद्बोधक आहे. चिनी भाषेतील ‘मेंदू धुणे’ या अर्थाच्या शब्दावरून एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने १९५० मध्ये तिचा इंग्रजीत प्रसार केला. कोरियन युद्ध थांबल्यानंतर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला आणि ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. रॉबर्ट जे लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने हाँगकाँगमध्ये २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी व्यक्तींच्या मुलाखती घेऊन १९६१ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चिनी तुरुंगांतून सुटून आलेल्या त्या पाश्चात्त्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशकांचा भरणा मोठा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांच्यावर इतरांची मने धुतल्याचा आरोप होतो, त्याच वर्गातील माणसे येथे त्या क्रियेचे बळी म्हणून उभी आहेत. परिसरावर आणि संपर्कावर संपूर्ण नियंत्रण, पापकबुलीची सक्ती, ठरावीक शब्दांनी विचाराची कोंडी, व्यक्तीच्या अनुभवापेक्षा सिद्धांताला प्रामाण्य इत्यादी आठ लक्षणे लिफ्टन यांनी नोंदविली. त्यांच्या निरीक्षणाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा : मुक्त परिसरात आल्यावर यांपैकी बहुतेकांवरील परिणाम कालांतराने ओसरला.

धर्मांतर आणि मनःप्रक्षालन यांचे साम्य सर्वांत आग्रहाने मांडले ते विल्यम सार्जंट या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने, १९५७ मधील आपल्या ग्रंथात. १९२४ च्या लेनिनग्राडमधील पुरात पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांना मरणाची भीती वाटली आणि त्यांना शिकविलेल्या प्रतिक्रिया पुसल्या गेल्या. त्याचप्रमाणे जॉन वेस्ली याच्या प्रवचनांत नरकाच्या भयाने श्रोत्यांचे मन प्रथम मोडत असे आणि मग नवी श्रद्धा त्यात रुजत असे, असा त्यांचा युक्तिवाद. मार्टिन लॉइड-जोन्स या धर्मोपदेशकाने १९५९ मध्ये त्याला उत्तर दिले. सार्जंट यांचे निरीक्षण सर्वस्वी टाकाऊ नाही. भय, उपवास, जागरण आणि सामुदायिक आवेग यांनी मन मऊ होते, हे कोणत्याही धर्माच्या इतिहासात दिसते. परंतु यंत्रणा समान असली म्हणजे क्रिया समान झाली, असे होत नाही. प्रेम आणि संमोहन या दोहोंतही नाडी जलद चालेल. तेवढ्यावरून प्रेमाला संमोहन म्हणता येत नाही. शिवाय ही तंत्रे मानली जातात तितकी अमोघही नाहीत. आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्चसंबंधी केलेल्या, १९८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या पंथाच्या शिबिरांना गेलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक पंथात सामील झालेच नाहीत, असे आढळले.

मग भेद शोधावा कोठे? श्रद्धेच्या तीव्रतेत तो सापडणार नाही, कारण कैद्याचीही निष्ठा तीव्र असू शकते. आकस्मिकतेतही नाही, कारण खरा शोधही क्षणात लागतो. श्रद्धाविषय सत्य की असत्य, यावरही तो ठरत नाही. सत्य गोष्टही माणसाच्या गळी जबरदस्तीने उतरविता येते आणि असत्य गोष्टही पूर्ण विचारान्ती स्वीकारली जाते. भेदाची खूण एकच संभवते : स्वीकारणाऱ्याजवळ नकार देण्याचे सामर्थ्य उरले आहे काय? ही कसोटी दोनदा लावावी लागते. दीक्षेपूर्वी विरोधी मत ऐकण्याची आणि मागे फिरण्याची वाट खुली होती काय, हे एक. आणि दीक्षेनंतर, ज्यांच्या हातून दीक्षा मिळाली त्यांच्याशीच मतभेद करण्याची शक्ती टिकली काय, हे दुसरे. यांपैकी दुसरी कसोटी अधिक कठीण आणि म्हणून अधिक निर्णायक.

पहिल्या कसोटीपुरते पाहता मराठी धर्मांतरितांची बाजू भक्कम आहे. काशीला वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी पुढे सरसावले, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी रचला आणि त्यानंतर, १८४८ मध्ये, बाप्तिस्मा घेतला. बाबा पदमनजींचा १८५४ मधील बाप्तिस्म्याकडे जाणारा मार्ग परमहंस सभेसारख्या सुधारक मंडळीतून गेला. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाकडून ‘नवा करार’ मिळाला. बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधला काळ वाचनाचा आणि मनातील झगड्याचा आहे. परिसरावरील नियंत्रण हे मनःप्रक्षालनाचे पहिले लक्षण मानले, तर या सर्वांच्या बाबतीत परिसराचे नियंत्रण उलट बाजूस होते, हे मान्य करावे लागते. जात, कुटुंब, पंक्ती, वारसा या साऱ्यांची जरब त्यांना जुन्या ठिकाणी धरून ठेवण्यासाठी होती.

परंतु येथेच थांबणे हा पक्षपात होईल. बहिष्कृत झालेला मनुष्य निवाऱ्यासाठी मिशनच्या आवारात जाई. त्याची उपजीविका, मुलांचे शिक्षण, मित्रमंडळ ही सर्व तेथेच. म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वी नसलेले नियंत्रण बाप्तिस्म्यानंतर निर्माण होण्याची पूर्ण शक्यता होती. म्हणूनच दुसरी कसोटी लावणे अगत्याचे ठरते.

त्या कसोटीवर रमाबाईंचा पत्रव्यवहार हा मराठी धर्मेतिहासातील अपूर्व पुरावा होय. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या परदेशात होत्या, निर्धन होत्या, कडेवर लहान मुलगी होती आणि आश्रय देणाऱ्या भगिनीमंडळावर त्यांची भिस्त होती. नमते घेण्यास यापेक्षा अनुकूल परिस्थिती कल्पिणे कठीण. तरीही आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घातला, क्रूसावरील लॅटिन अक्षरांवर आक्षेप घेतला आणि स्त्रीने पुरुषांना शिकवू नये असे सुचविणाऱ्या बिशपांचे म्हणणे नाकारले. स्वदेशातील पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच झुगारल्यावर त्याच जातीचे दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असा त्यांच्या उत्तरांचा आशय आहे. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. वाचकाला यात धुतले न गेलेले मन दिसते.

टिळकांचा मतभेद याहून शांत, परंतु तितकाच दूरगामी. ख्रिस्ती भक्ती त्यांनी अभंगाच्या आणि कीर्तनाच्या रूपात मांडली, तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानले आणि अखेरीस १९१७ मध्ये मिशनपासून दूर होऊन ‘देवाचा दरबार’ स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ज्या विधीसाठी त्यांनी घर गमावले, त्या विधीलाच त्यांनी ख्रिस्तभक्तीची अट मानले नाही. शिकविलेले मन इतके पुढे जात नाही.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण तर दुहेरी कसोटीचे. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला. तरी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये. पतीजवळ परत आल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ते सुटले ते पतीच्या उपदेशाने नव्हे, तर जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निर्णय त्यांचा त्यांना झाला तेव्हा. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ची शैली या स्वातंत्र्याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. तेथे पापी जीवन, दिव्य प्रकाश, कृतज्ञ समर्पण असा ठरावीक क्रम नाही. पतीची विक्षिप्त उदारता, स्वतःच्या फजित्या, ख्रिस्ती मंडळींतील विसंगती, सारे काही हास्यासह आलेले आहे. लिफ्टन यांनी सांगितलेली शब्दांची कोंडी ज्या मनाला झाली, त्याला स्वतःकडे पाहून हसता येत नाही. विनोद हा येथे केवळ वाङ्मयीन अलंकार नसून मन शाबूत असल्याचे लक्षण आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की आत्मकथन नेहमी दीक्षेनंतरच लिहिले जाते. लेखक भूतकाळाला नव्या श्रद्धेच्या साच्यात ओततो. हा आक्षेप ‘अरुणोदय’ला काही अंशी लागू पडतो, कारण त्याच्या नावातच अंधारातून प्रकाशाकडे हा क्रम गृहीत आहे. रमाबाईंनी १९०७ मध्ये दिलेल्या साक्षीतही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी पूर्वायुष्याची नवी मांडणी आढळते. परंतु म्हणूनच १८८०नंतरच्या दशकातील पत्रांचे मोल अधिक. ती पुढे काय घडणार हे माहीत नसताना लिहिलेली आहेत. साच्यात न बसणारा मजकूर हाच अशा लेखनातील विश्वसनीय मजकूर, हे समीक्षेचे सूत्र येथे उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. वर उल्लेखिलेली माणसे विदुषी, पंडित, कवी होती. त्यांच्यावरून सर्वांचा न्याय करता येईल काय? रमाबाईंच्या सहकारी आनंदीबाई भगत यांनी १८८३ मध्ये वाँटेजलाच आत्महत्या केली. धर्मांतराच्या सक्तीचे भय त्यांच्या मनाला ग्रासून राहिले होते. ते भय वस्तुस्थितीला धरून होते की नव्हते, हा प्रश्न अलाहिदा. एकाच छताखाली एका स्त्रीला वाद घालण्याचे बळ मिळाले आणि दुसरीचा धीर खचला, एवढे खरे. १८८९ मध्ये उघडलेल्या शारदासदनासंबंधी १८९३ मध्ये वाद पेटला, तेव्हा रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसत, हे त्याचे कारण होते. दार उघडे असले तरी आश्रिताला ते ओलांडता येतेच असे नाही. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळातून वाचविलेल्या मुली केडगावच्या मुक्तिसदनात वाढल्या आणि १९०५ मध्ये तेथे रुदनाची, पापकबुलीची, सामुदायिक प्रार्थनेची लाट उसळली. सार्जंट यांचे वर्णन जुळावे असे दृश्य ते हेच. त्या मुलींना अन्न, निवारा आणि माया एकाच हातून मिळत होती. नकार देऊन त्यांनी जावे कोठे? त्यांच्या श्रद्धेला खोटी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ती रमाबाईंच्या श्रद्धेसारखी कसाला लागली होती, असेही म्हणता येत नाही. ज्या रमाबाईंनी स्वतः कोणाचे जोखड मानले नाही, त्यांच्याच छायेत ही विषमता राहावी, हे त्यांच्या चरित्रातील न सुटलेले कोडे आहे.

सारांश, ख्रिस्ती धर्मस्वीकार आणि मनःप्रक्षालन हे दोन भिन्न व्यापार आहेत. मात्र भेद धर्माच्या नावात नसून स्वीकाराच्या रीतीत आहे. एकाच धर्मात, एकाच संस्थेत, क्वचित् एकाच व्यक्तीच्या कार्यात दोहोंच्या सीमा परस्परांना भिडू शकतात. जन्माने मिळालेल्या धर्मालाही हीच कसोटी लावली, तर किती जणांची श्रद्धा तिला उतरेल, हा प्रश्न सर्वच पक्षांनी स्वतःस विचारावा असा आहे. दीक्षा देणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारा शिष्य गुरूला अप्रिय वाटतो. परंतु रमाबाईंच्या ‘होय’ला आज जे मोल आहे, ते त्यांनी वाँटेजला उच्चारलेल्या अनेक नकारांमुळेच आलेले आहे.