ट्राय मोजून विंगर कळत नाही

रग्बी लीगमध्ये विंगरचं, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणाऱ्याचं, नाव त्याच्या ट्रायच्या (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवण्याच्या) आकड्यासकट घेतलं जातं. ब्रायन बेव्हन म्हटलं की ७९६ ट्राय, बिली बोस्टन ५७१, मार्टिन ऑफिया ५०१, आणि ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत केन इर्विन २१२. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी मूळ रग्बीपासून वेगळी चूल मांडली, तेव्हापासून या खेळाचे चाहते हिशेबाला पक्के आहेत. पण विंगरांची तुलना करताना हाच हिशेब सगळ्यात जास्त फसवतो, आणि गेल्या दहाएक वर्षांत तर फारच.

जुन्यांपैकी बेव्हन आणि बोस्टन हे दोन ध्रुव. सिडनीहून वॉरिंग्टनला आलेला बेव्हन हडकुळा, टकला, गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधून उतरणारा. खेळाडू म्हणून कुणी ओळखलंही नसतं, पण बगल देण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. कार्डिफचा बोस्टन विगनकडून खेळायचा. त्याच्याकडे वेग होता आणि समोरच्याला आडवा पाडून जायची ताकदही होती. त्याला २०२५ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. या खेळातल्या कुठल्याही खेळाडूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. एवढा उशीर, ही खेळ उत्तरेतल्या कामगारवस्त्यांचा राहिल्याची किंमत, दुसरं काय.

ऑफियाकडे मात्र वेग म्हणजे वेगच. १९९४ च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर त्याने स्वतःच्या गोलरेषेजवळ बॉल घेतला आणि लीड्सच्या फुलबॅकला बाहेरून मागे टाकत थेट पलीकडचा कोपरा गाठला. टॅकल करणं आणि उंच बॉल झेलणं या त्याच्या दुबळ्या बाजू सगळ्यांना ठाऊक होत्या. पण त्या काळचं विगन इतकं बलाढ्य होतं की बॉल बहुतेक वेळ त्यांच्याकडेच असायचा. विंगरचं वैगुण्य संघाच्या पदराखाली झाकलं जायचं.

आता ते झाकत नाही. सहा टॅकलांत ट्राय झाला नाही तर बॉल सोडावा लागतो, म्हणून शेवटच्या टॅकलवर किक ठरलेली. ती किक आता नेम धरून, विंगरच्या डोक्यावर, कोपऱ्यात मारतात. समोरच्या संघातला कच्चा विंगर हेरून सामनाभर त्याच्यावर बॉल टाकत राहणं ही साधी, निर्दय आणि यशस्वी युक्ती आहे. शिवाय कोपऱ्यातल्या खांबाला अंग लागलं तरी आता बॉल बाहेर धरत नाहीत. त्यामुळे शरीर हवेत, रेषेच्या पलीकडे, आणि फक्त बॉल धरलेला हात आत, असे ट्राय होऊ लागले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत मेलबर्नच्या झेव्हिअर कोट्सने वॉरियर्सविरुद्ध अगदी शेवटी अशीच झेप घेऊन सामना फिरवला. त्याची उंची आणि उडी पाहिली की इथे नुसता धावपटू पुरणार नाही हे लगेच पटतं.

तरी या काळाचा खरा विंगर माझ्या मते कोट्स नाही, पेन्रिथचा ब्रायन टोओ आहे. तो उंच नाही आणि शर्यतीत पहिलाही येणार नाही. त्याचं काम सुरू होतं आपल्या गोलरेषेजवळ, जिथे कॅमेरा फारसा रेंगाळत नाही. समोरच्यांची किक पडते तेव्हा आपले धिप्पाड फॉरवर्ड सलग टॅकल करून धापा टाकत असतात. त्यांना श्वास घ्यायला मिळावा म्हणून पहिली-दुसरी धाव विंगरने घ्यायची, तीही अंगावर तुटून पडणाऱ्या भिंतीत. टोओचा गुरुत्वमध्य खाली, पाय थांबतच नाहीत. पडतानाही तो दोन पावलं चोरतो आणि चटकन उठून बॉल खेळवतो. एका सामन्यात दोनशे मीटरच्या वर धाव ही त्याच्या बाबतीत बातमीसुद्धा राहिलेली नाही. पेन्रिथने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं घेतली, त्यांतल्या कित्येक चढायांची सुरुवात या कष्टाच्या मीटरांत आहे. ट्रायच्या यादीत त्यातलं काहीच दिसत नाही.

उलट टोक म्हणजे साउथ सिडनीचा अॅलेक्स जॉन्स्टन. २०२१ आणि २०२२, दोन्ही मोसमांत प्रत्येकी ३० ट्राय. टीकाकार म्हणतात, तो आयता जेवतो. यात तथ्य आहे. उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडे पास देणं सोपं जातं, त्यामुळे डाव्या विंगरच्या वाट्याला जास्त बॉल येतो, आणि जॉन्स्टनच्या आतल्या बाजूला कोडी वॉकरसारखा पास देणारा. पण आयतं ताट मिळालेले विंगर बरेच झाले, त्यांचे तीस झाले नाहीत. कधी थांबायचं आणि कधी सुटायचं, हे जॉन्स्टनइतकं नेमकं फार थोड्यांना कळतं.

बचावाची गोष्ट सगळ्यात अवघड. कबड्डीतला कोपरारक्षक क्षणभर आधी झेपावला की चढाईपटू निसटतो. विंगरचं तसंच आहे. आत घुसून पास तोडायचा की आपल्या माणसाला धरून बाहेर थांबायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं. आत गेला आणि बॉल डोक्यावरून निघून गेला, की मागे मोकळं रान. डॉमिनिक यंग या धिप्पाड इंग्रज विंगरने न्यूकॅसलकडून २०२३ मध्ये २५ ट्राय केले. धावताना त्याला अडवणं भीतिदायक, पण हा निर्णय घेताना तो गोंधळतो, आणि प्रशिक्षक ट्रायपेक्षा ते जास्त लक्षात ठेवतात.

जॉश अॅडो-कारसारखा निव्वळ वेगाचा माणूस अजून टिकून आहे. त्याने २०२१ मध्ये एकाच सामन्यात सहा ट्राय केले होते. तरीही मला संघ निवडायला सांगितला तर एका बाजूला टोओ पक्का, दुसऱ्या बाजूला कोट्स. जॉन्स्टनला घेण्याआधी मी त्याच्या आतला पास देणारा कोण आहे ते विचारीन.